हॅरोमियर हॉलचे कावळे

अळूची पानं स्टुटगार्टात मिळतात. स्टेशनमागच्या श्रीलंकन दुकानात, शनिवारी सकाळी लवकर गेलात तर. उशीर झाला की नुसत्या वाळक्या शेवग्याच्या शेंगा उरतात, आणि त्याच कशा ताज्या आहेत हे दुकानदार आपल्याला पटवत बसतो. त्या शनिवारी मी वेळेवर पोचलो होतो. अळू मिळालं, गवार मिळाली, आमसुलं घरात होती. पिशवी घेऊन टेकडीच्या पायऱ्या चढताना मनात एवढंच होतं, की दुपार कलायच्या आत स्वयंपाक उरकायला हवा. इथूनच सांगायला सुरुवात करतो, कारण इथपर्यंत सगळं साधं होतं.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध पितृपक्षातल्या नवमीला करतात. अविधवा नवमी म्हणतात तिला. ऊर्मिला, माझी बायको, त्याच्या आदल्या वर्षी वसंतात गेली. ऑफिसातून घरी येताना प्लॅटफॉर्मवर कोसळली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. हॉस्पिटलात मी पोचलो तेव्हा डॉक्टर माझ्याशी फार हळू आणि सोप्या जर्मनमध्ये बोलायला लागले, त्यावरूनच मला कळलं. तेव्हापासून मला काही जाणवत नव्हतं. दुःख होतंय असं मी लोकांना सांगायचो, कारण तसं सांगायचं असतं. खरं म्हणजे दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ जसा आपला नसल्यासारखा लोंबतो, तसा मी अख्खाच झालो होतो.

तिचे दिवस सांगलीला झाले, तिच्या भावाने केले. मी इथे क्रिमेटोरियमच्या तारखेची वाट बघत बसलो होतो. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. भावाने सगळं कबूल करून पाहिलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून त्याच्याकडून शिवून घेतलं. शास्त्राने तेही चालतं. पण ऊर्मिलाच्या आईंच्या मनातून ते गेलं नाही. "पोरगी अडकलीय, शिरीषराव," त्या दर फोनवर म्हणायच्या. "तिचा जीव तनयात अडकलाय."

तनया आमची मुलगी, सात वर्षांची. ती इथेच जन्मली. मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये. ऊर्मिलाला याचा फार त्रास व्हायचा. आई गेल्यावर तनयाचं तेही बोलणं कमी झालं. आम्ही दोघं एका घरात दोन पाहुण्यांसारखे राहत होतो, एकमेकांना नीट वागवत.

मोठ्या घराचं भाडं आणि मोठ्या घरातली शांतता, दोन्ही झेपेना, म्हणून आम्ही टेकडीवरच्या एका सामानासकट मिळालेल्या फ्लॅटमध्ये आलो होतो. मालकीणबाई फ्राऊ हेगेले तळमजल्यावर राहायच्या. सत्तरी उलटलेल्या, वागायला सरळ. जिना झाडायची आपली पाळी चुकली तर चार दिवस बोलणार नाहीत, पण शाळा सुटल्यावर कुणी न सांगता तनयाला सूप पाजणार.

बैठकीच्या खोलीत एक चित्र होतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून, शाई भरून कागदावर उठवलेलं, दोनशे वर्षांपूर्वीचं. इंग्लंडमधल्या कुणा जमीनदाराचा प्रचंड दगडी बंगला. खाली वळणदार अक्षरांत नाव, हॅरोमियर हॉल, आणि साल १८१८. सगळं रेघांनी केलेलं. उजेड असेल तिथे कोरा कागद, सावली असेल तिथे बारीक तिरक्या रेघा, दाट सावलीत त्या रेघांवर पुन्हा उलट्या रेघा. खिडक्या काळ्या. समोर हिरवळ, डाव्या अंगाला उंच झाडं, झाडांवर कावळ्यांचा थवा. माणूस एकही नाही.

"माझ्या नवऱ्याने ते इंग्लंडहून आणलं," घर दाखवताना फ्राऊ हेगेले म्हणाल्या होत्या. "भिंतीत स्क्रूने बसवलंय, तेव्हा राहू द्या. ते घर आता नाही. पाडलं कधीच. एवढं चित्रच उरलंय."

मी राहू दिलं. मला भिंतीवर काय आहे याने तेव्हा काही फरक पडत नव्हता.

तर नवमी. सवाष्ण जेवायला बोलवायची असते. ओळखीतली एक बाई येणार होती, पण आयत्या वेळी तिला म्युनिकला जावं लागलं. म्हणजे ज्याच्यासाठी स्वयंपाक करायचा असं जिवंत माणूस कुणीच नव्हतं. तरी मी केला. वरणभात, अळूवड्या, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, खीर. ऊर्मिलाच्या हातची चव येणार नव्हतीच, पण वड्या सुटल्या नाहीत, हे तिला आवडलं असतं.

पान वाढून मी बाल्कनीच्या कठड्यावर ठेवलं आणि फोन व्हिडिओवर लावून ऊर्मिलाच्या आईंना दाखवलं. समोरच्या छपरावर दोन कावळे होते. इथले कावळे मानेपासून शेपटीपर्यंत काळेकुळकुळीत असतात, आपल्यासारखी राखाडी मान नाही. ते बघत बसले. मी आत गेलो, बाहेर आलो, पुन्हा आत गेलो. एकाने मान वळवून पंख साफ करायला घेतले. तेवढ्यात बेल वाजली. दारात फ्राऊ हेगेले.

"हेर साठे, पक्ष्यांना खायला घालायचं नाही. हाउसऑर्डनुंगमध्ये, इमारतीच्या नियमांत, लिहिलंय. कबुतरं येतात, मग हाकलता येत नाहीत."

"आज फक्त. माझ्या बायकोसाठी आहे."

त्यांनी एकदा पानाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आवाज खाली आला. "मला समजतं. पण आत घ्या."

मी पान आत घेतलं. टेबलावर तनयाचे रंग पसरलेले होते, म्हणून चित्राखालच्या बुटक्या कपाटावर ठेवलं. फोन चित्राच्या चौकटीला टेकवून उभा केला. स्पीकर चालूच होता.

"झालं का हो?" आईंनी विचारलं.

"नाही, आई. बाहेर ठेवायला परवानगी नाही."

पलीकडे त्यांच्या घरचा पंखा ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, "याही वेळी नाहीच म्हणा की."

मला त्यांची कीव आली असं म्हणवत नाही, कारण काहीच येत नव्हतं. पण आपण काहीतरी करायला हवं एवढं कळलं. माझी नजर वर गेली. "इथे एका चित्रात कावळे आहेत," मी म्हणालो. "दर्भाचा चालतो, तर..."

"चित्रातला?" त्या थांबल्या. "कावळा तो कावळा. दाखवा नैवेद्य. आणि बोला तिच्याशी. तिचं जे राहिलंय ते कबूल करा, त्याशिवाय शिवायचा नाही."

मग मी त्या चित्रासमोर उभा राहून बोललो. आधी कसंतरीच वाटलं. तनयाला मराठीतून बोलायला लावीन, म्हटलं. दर रविवारी तिच्या केसांना तेल लावीन. तुझी हिरवी शाल कुणाला दिलेली नाही, कपाटात आहे. उन्हाळ्यात तिला सांगलीला नेईन. घड्याळ चालत होतं, भात गार होत होता. काही झालं नाही, आणि काही होणार तरी काय होतं?

"शिरीषराव," आई रडत म्हणाल्या, "तू म्हणशील ते करीन म्हणा. तनया तुझीच आहे म्हणा. एवढं शेवटचं म्हणा हो."

मी म्हणालो. अगदी हेच शब्द. "तू म्हणशील ते करीन. तनया तुझीच आहे."

खोलीत लाकडाच्या गार राखेचा वास आला. फोनचा पडदा क्षणभर काळा झाला, म्हणून मी तो उचलून सरळ केला, आणि खाली बघतो तर भाताच्या मुदीला वरून खोच पडलेली. बाजूला तीन बोटांसारखा ठसा. वडीचा एक तुकडा गेलेला.

"शिवला," मी म्हणालो. आईंनी पलीकडे पदर डोळ्यांना लावला. "सुटली बाई," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

संध्याकाळी कपाट पुसताना मला चित्राच्या काचेवर एक शीत दिसलं. फडक्याने पुसलं, निघेना. नखाने खरवडलं, तरी निघेना. ते काचेच्या आतल्या बाजूला होतं. जुना डाग असेल, असं मी स्वतःला सांगितलं. त्या काळात मला काहीही सांगितलं तरी पटायचं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तनया कपाटापाशी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. मी जेवायला हाक मारली. ती वळली आणि म्हणाली, "बाबा, आज केसांना तेल लाव."

स्वच्छ मराठीत. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. "कुणी सांगितलं?"

"आईने." तिने बोटाने वर दाखवलं. चित्रातल्या बंगल्याची वरच्या मजल्यावरची एक खिडकी. "ती तिथे राहते आता."

घाबरायला हवं होतं, हे तुम्ही म्हणालच. मी घाबरलो नाही. गेल्या दीड वर्षात पहिल्यांदा मला छातीत काहीतरी हललेलं कळलं, आणि ते इतकं गोड होतं की मी पुढचं काही विचारलंच नाही. तेल कोमट केलं. तनयाला मांडीशी घेऊन केसांना लावलं. ती गुणगुणत होती. बाहेरून कावळ्यांचा गलका येत होता, संध्याकाळी झाडावर परतताना करतात तसा. नंतर केव्हातरी लक्षात आलं, की आमच्या खिडक्यांना तिहेरी काच आहे आणि बाहेरचा ट्रकसुद्धा आत ऐकू येत नाही.

सोमवारपासून मी ऑफिसातून लवकर यायला लागलो. आल्यावर चहा घेऊन चित्रासमोर बसायचो आणि बोलायचो. काय काय बोललो असेन. ऊर्मिला चहात गवती चहा घालायची, ते. तिला जिन्यात दिवा गेलेला आवडायचा नाही, ते. कायझर्सलाउटर्नला शिकत असताना आम्ही एकच छत्री वापरायचो आणि दोघंही भिजायचो, ते. दीड वर्ष माझ्या तोंडाला कुलूप होतं, ते असं उघडलं. बशीत थोडं खायलाही ठेवायचो. सकाळी बशीच्या कडेला तो तीन बोटांचा ठसा असायचा.

आणि तनया मराठीत बोलायची. "आई म्हणते, चहात गवती चहा घाल." "आई म्हणते, जिन्यात दिवा लाव." मी हसायचो. खरंच हसायचो. मी आईंना फोन करून सांगितलं. "बोलते?" त्यांनी विचारलं. "शिवल्यावर जायला हवी ना हो ती? मागे कशाला राहील?" मला त्यांचा रागच आला. यांना मुलगी परत आलेलीही चालत नाही, असं वाटलं.

बुधवारी मी तव्यावर पोळी टाकली होती. तनया शेजारी उभी राहून बोलत होती आणि बोलता बोलता तिने हात टेकला तो तव्याच्या कडेला. टेकलेलाच ठेवला. चर्र आवाज झाला तेव्हा मी तिचा हात ओढला.

"अगं, लागलं नाही?"

तिने हाताकडे पाहिलं. "नाही. हा झोपलाय." मग जर्मनमध्ये म्हणाली, की हा हात रविवारपासूनच झोपलेला आहे, आता दुसराही झोपायला लागलाय.

मी तिला दिव्याखाली नेलं. भाजल्याचा लाल डाग होता, पण त्याहून वर, मनगटाच्या आतल्या बाजूला, कातडीवर बारीक रेघा होत्या. सगळ्या तिरक्या, एकमेकींना समांतर, केसाहून बारीक. अंगठ्याच्या खाली, जिथे हाताची सावली पडते, तिथे त्या रेघांवर उलट्या रेघा. मी ओल्या बोटाने पुसल्या. त्या शाईच्या नव्हत्या. तिला लगेच मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी भिंगातून पाहिलं, कोरडी त्वचा म्हणाल्या, मलम दिलं, आणि नसांसाठी मोठ्या हॉस्पिटलातली पुढच्या महिन्याची तारीख दिली. "आई गेल्यावर मुलं शरीराने बोलतात," असंही हळूच म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नाही.

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. बधिरपणा माझ्या ओळखीचा होता. तो माझ्यापुरता मी चालवून घेतला होता. तिच्या हातात तो बघवेना.

गुरुवारी घरी आलो तेव्हा दिवे लागायची वेळ होती. तनया दिवा न लावता कपाटासमोर बसली होती, मान वर करून. खोली गार पडली होती आणि राखेचा वास दाट होता. मी दिवा लावला.

"बाबा," ती म्हणाली, "आई विचारते, शिरीषराव तनयाला कधी पाठवणार?"

ऊर्मिला मला शिरी म्हणायची. रागावली की अहो साठे. जन्मात कधी तिने मला शिरीषराव म्हटलं नाही. मला शिरीषराव म्हणणारं माणूस जगात एकच, तिची आई, आणि ती इथे, या चौकटीला टेकवलेल्या फोनमधून बोलली होती.

मी खाली बसलो. आवाज साधा ठेवला. "तनू, आईला विचार, ती मला काय हाक मारायची?"

तनयाने मान वर केली. ऐकत राहिली. कुणी फार लांबून बोलत असावं तसे तिचे डोळे बारीक झाले. मग म्हणाली, "ती म्हणते... तू सांग ना."

"तिलाच सांगू दे."

"तू आधी सांग. मग ती सांगेल."

तेव्हा मला सगळं कळलं, आणि कळायला खरं म्हणजे काहीच अवघड नव्हतं. गवती चहा, तेल, जिन्यातला दिवा. त्या खिडकीतून मला एकही गोष्ट अशी आली नव्हती, जी मीच तिथे नेऊन दिली नव्हती. आम्ही पान दाखवलं होतं, पण कावळा कुणाच्या घरचा, हे विचारलं नव्हतं. ते जेवण ऊर्मिलाला पोचलंच नव्हतं. दुसऱ्याच कुणीतरी, पाडलेल्या घरात इतकी वर्षं कुणी काही वाढलेलं नसताना, ते खाल्लं होतं, आणि सोबत माझा शब्द घेतला होता.

"कुठे पाठवायचं तुला?"

"तिकडे. माझ्यासाठी खोली आहे." तिने हात वर केला. रेघा कोपराच्या वर गेल्या होत्या. "तू कबूल केलंस, असं म्हणते."

"मी तिला नव्हतं कबूल केलं," मी म्हणालो. तनयाला नाही, चित्राला. "माझ्या बायकोला केलं होतं. ते मी मागे घेतो." वर कुठे काही हललं नाही. काळ्या खिडक्या काळ्याच होत्या. मी चौकट धरून ओढली. भिंत धरल्यासारखी घट्ट. स्क्रू जुने, रुंद खाचेचे, आणि माझा स्क्रूड्रायव्हर खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सायकलीच्या सामानात.

तिला बरोबर न्यायला हवं होतं. पण ती पायात मोजे नसताना बसली होती, केलरची फरशी ओली असते, आणि मी दोन मिनिटांत येणार होतो. आईबाप असाच विचार करतात. "इथून उठ, स्वयंपाकघरात बस," मी सांगितलं. ती उठली. मी जिना उतरलो.

केलरमधला दिवा आपोआप विझतो, पुन्हा बटण दाबावं लागतं. मी खोक्यात हात घातला आणि तो विझला. अंधारात चाचपडत मला वरून कावळे ऐकू आले. एक-दोन नाही. शेकडो कावळे एकदम झाडावरून उठावेत तसे. आणि मग एकदम गप्प. बटण सापडेपर्यंत मी काय काय पाडलं, आठवत नाही.

धावत वर आलो. दार जसं ठेवलं होतं तसं. तनया स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून पाव खात होती.

"ती गेली, बाबा," ती म्हणाली.

मी तिचे दोन्ही हात धरले. गरम होते, माझ्या हातांपेक्षा गरम. रेघा नव्हत्या. मनगट, कोपर, कुठेच नाही. तव्याचा डागही नव्हता. मी तिला हळूच चिमटा काढला. "लागतं?"

"लागतं," ती म्हणाली आणि हात मागे घेतला.

खोलीत राखेचा वास नव्हता. काचेच्या आतलं शीत नव्हतं. मी तरी चित्र काढलंच, त्याच्याकडे न बघता चादरीत गुंडाळलं आणि खाली नेऊन दिलं. माझ्या चेहऱ्याकडे पाहून फ्राऊ हेगेलेंनी ते स्वतःच्या केलरमध्ये ठेवलं आणि कुलूप लावलं. मग मी आईंना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे माझी पोर उपाशीच," त्या म्हणाल्या. "उद्या सर्वपित्री आहे. ज्याचं चुकलं त्याचं उद्या करतात. घराबाहेर करा. खऱ्या कावळ्याला घाला. आणि पटकन शिवणार नाही, शिरीषराव, तयारी ठेवा. तिचा जीव तनयात आहे. तनया सुखात राहील, एवढंच म्हणा, दुसरं काही कबूल करू नका."

शुक्रवारी मी सुट्टी घेतली. तनयाला शाळेतून लवकर आणलं. टेकडीच्या माथ्यावर, द्राक्षाचे मळे संपतात तिथे, एक दगडी कठडा आहे. खाली सगळं शहर दिसतं. माणसं नव्हती. ऊन होतं, वारा बेताचा. मी केळीच्या पानावर भात, वरण, वडी, खीर मांडली. या वेळी मनात नीट जुळवून ठेवलं होतं काय बोलायचं. संध्याकाळपर्यंत थांबायची तयारी होती. तनया माझं बोट धरून शेजारी उभी होती. मी फोन लावला, आईंचा चेहरा दिसला, आणि मी पानापासून मागे सरलो.

मी पुरता सरलोही नव्हतो, तोच कावळा आला. मळ्यातून उडून थेट कठड्यावर उतरला, इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि भाताला चोच लावली. मग वडीला, मग खिरीला. निवांत खात राहिला.

"शिवला?" आईंचा विश्वास बसेना. "लगेच? काय कबूल केलंत?"

"काहीच नाही, आई. मी बोललोच नाही अजून."

"मग सुटली हो," त्या रडायला लागल्या. "सुटली माझी बाळ. आता तिचं इथे काही राहिलं नाही."

मला रडू आलं. गेल्या दीड वर्षातलं पहिलं. डोळे पुसताना ते वाक्य मला पुन्हा ऐकू आलं, या वेळी नीट. तिचं इथे काही राहिलं नाही. ऊर्मिलाचा जीव जिच्यात अडकला होता, ती माझं बोट धरून उभी होती. मग कावळा थांबला कसा नाही?

मी खाली पाहिलं. तनयाने वर पाहिलं आणि हसली. "चल बाबा, घरी जाऊ," ती म्हणाली. मराठीत.

या गोष्टीला आता वर्ष होईल. पुढचा पितृपक्ष आला. तनया शहाण्यासारखी राहते. पानातलं सगळं संपवते, रडत नाही, हट्ट करत नाही. माझ्याशी एकदाही जर्मन बोललेली नाही. उन्हाळ्यात सांगलीला नेली तेव्हा आईंनी तिला कुशीत घेतली, बराच वेळ धरून ठेवली, आणि नंतर दोन दिवस त्या माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. ते चित्र खाली केलरमध्ये आहे. फ्राऊ हेगेलेंकडे किल्ली मागितली तर त्या देतील. मी मागितलेली नाही. त्यात कुणी दिसलं तर काय करायचं, हे मला माहीत नाही, आणि कुणी दिसलं नाही तर काय करायचं, हेही नाही. मला पुन्हा काही जाणवेनासं झालंय. या वेळी ते मला बरं वाटतं.

रविवारी मी तिच्या केसांना तेल लावतो. मग नखं कापायला तिचा हात हातात घेतो, दिव्याखाली धरतो, आणि तसाच सोडून देतो. त्या गुरुवारपासून तिची नखं एकदाही वाढलेली नाहीत.